बंधारा उघडा पडला की

नव्या लुगड्याला खळीचा वास असतो, थोडा तांदळाच्या पेजेचा, थोडा बंद कपाटाचा. त्या दिवशी मोटारीच्या मिटलेल्या काचांआड, श्रावणाच्या त्या लख्ख, धुऊन वाळत घातल्यासारख्या उन्हात हा वास इतका दाटला होता, की आजही कापडाच्या दुकानाच्या पायरीशी मी थबकतो आणि काहीतरी निमित्त सांगून बाहेरच उभा राहतो. सुनंदा, माझी बायको, ती पिशवी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती. आत हिरवं लुगडं होतं, लाल काठाचं. खण, हिरव्या बांगड्या, कुंकवाची पुडी. माझी अक्का पहाटे गोठ्यात म्हशीची धार काढता काढता कलंडली, ती पुन्हा उठली नव्हती.

बाई सवाष्ण गेली, तर तिला शेवटचं लुगडं माहेरचं नेसवायचं, आणि ते भावानं आणायचं, ही आमच्याकडची रीत. ते येईपर्यंत मयत उचलत नाहीत. दारात माणसं ताटकळतात, पुन्हा पुन्हा रस्त्याकडं पाहतात, पण थांबतात. दाजींचा सकाळी फोन आला, तेव्हा त्यांच्या आवाजात रडू नव्हतं, घाई होती. वारणेचं पाणी चढाय लागलंय, म्हणाले. स्मशानाचं शेड नदीच्या काठाला. अकराच्या आत न्यावं लागंल, न्हायतर पाणी शेडात शिरंल. मागं एकदा महापुरात गावानं एका म्हातारीला उसाच्या बांधावर अग्नी दिला होता, ओली लाकडं दुपारपर्यंत नुसती धुमसत होती, आणि अक्काच्या वाट्याला ते येऊ नये म्हणून दाजी धडपडत होते. “तुम्ही निघा मास्तर. आम्ही थांबतोय,” एवढंच बोलून त्यांनी फोन ठेवला.

महाद्वार रोडवरच्या दुकानदाराला घरातून उठवून शटर अर्धं वर करायला लावलं. मयताचं लुगडं म्हटल्यावर तो माणूस खाली वाकून आत शिरला, दिवा न लावताच हिरव्या रंगाचा गठ्ठा काढून पुढं ठेवला. मी लाल काठ निवडला. लहानपणी आमच्या गल्लीत अक्काच्या परकराला लाल काठ असायचा, आणि तिच्या मागं मागं पळताना माझ्या नजरेच्या उंचीवर तेवढा काठच यायचा. निघालो तेव्हा आठ वाजायचे होते.

आता रस्त्याविषयी सांगायला हवं, कारण हे सारं त्या रस्त्यापायीच घडलं. आमच्या शहरात टोलविरोधी आंदोलन पेटलं होतं, त्या दिवसांत आमच्या तालमीतल्या दहा-बारा जणांनी एके संध्याकाळी बेलभंडारा उचलून शपथ घेतली, की आयुष्यात पुन्हा कुठल्याही नाक्यावर टोल भरायचा नाही. मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होतो, मास्तरकीला शोभणार नाही अशा आवाजात घोषणा देत होतो, आणि खरं सांगायचं तर इतका जिवंत मी पूर्वी कधी नव्हतो. पुढं शहरातले नाके गेले. बाकीचे तो बेलभंडारा हळूहळू विसरून गेले. एकेकाच्या गाडीच्या काचेवर टोलची चिठ्ठी चिकटली, आणि माझ्याकडं पाहून ते ओशाळं हसू लागले. मी मात्र चिकटवली नाही. महामार्गावरचा नाका काही आमच्या आंदोलनातला नव्हता, हे मलाही कळत होतं. पण शपथ घेताना कुणी नकाशा पुढं ठेवला नव्हता. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ म्हणजे मी.

अक्काचं सासर वारणेच्या पलीकडं. महामार्गानं गेलं तर मधे नाका, मग नदीवरचा उंच पूल, की तासाभरात तिच्या दारात. आतला रस्ता वेगळा. पंचगंगा ओलांडून केर्लीकडं जायचं, जोतिबाच्या डोंगराला वळसा घालायचा, कोडोलीच्या अंगानं उसातून उतरत उतरत वारणेच्या काठाला यायचं, आणि बंधाऱ्यावरून पलीकडं. बंधारा आपल्याकडच्या साऱ्या बंधाऱ्यांसारखाच: दगडी खांबांच्या खाचांत उन्हाळ्यापुरते लोखंडी बरगे घालून पाणी अडवायचं, पावसाआधी ते उपसून नदी मोकळी करायची, आणि खांबांच्या माथ्यावरून, कठडा नसलेला, एक गाडी जेमतेम जाईल एवढा रस्ता. त्या रस्त्यावर माझं प्रेम जडलं होतं. मार्गशीर्षात गुऱ्हाळांचा गोड धुरकट वास गाडीभर भरून राही. माघात शाळूच्या कणसांवर सकाळचं कोवळं ऊन उतरे. चैत्रात डोंगराकडं निघालेल्या सासनकाठ्यांच्या गुलालानं काचा गुलाबी होत. आणि पलीकडच्या काठावर, मी येणार म्हणून कळलेलं असलं की, पदर डोक्यावर घेऊन अक्का उभी. बंधाऱ्याच्या मध्यावर आलो की ती हात हलवायची. ह्या रस्त्याला छदाम पडत नाही, असं मी भेटेल त्याला छाती काढून सांगायचो.

फक्त पावसाळ्यात बंधारा बुडायचा. मग आषाढापासून भाद्रपदापर्यंत मी जायचोच नाही. पंचमी, राखी, सारं फोनवर. सुनंदा दरवर्षी एकदा तरी म्हणायची, की पंचमीला तरी हायवेनं जाऊन येऊया, बहीण वाट बघत असेल. आणि मी दरवर्षी बेलभंडाऱ्याची गोष्ट काढायचो. अक्कानं कधी तक्रार केली नाही. हसून म्हणायची, “पाऊस लागला की माझं म्हायेर बंद.” पाणी उतरलं की आधी तिचाच फोन यायचा: “बाळू, बंधारा उघडा पडला बघ. ये आता.” माझे केस पांढरे झाले तरी तिच्या तोंडी मी बाळूच होतो.

ह्या वेळीही चार दिवसांपूर्वी तिचा असा फोन आला होता. पाऊस उघडलाय, पाणी उतरलंय, ये. रविवारी येतो, म्हणालो. आणि ती रविवारपर्यंत थांबली नाही.

त्या सकाळी गाडी आपोआप शिवाजी पुलाकडं वळली. आपोआप म्हणतो, पण हात माझेच होते. सुनंदा म्हणाली, “अहो, आज तरी हायवेनं चला.” मी खेकसलो. बंधारा उघडा पडलाय, खुद्द अक्कानं सांगितलंय, तुला जास्त कळतं काय? वर आकाश निळं, पुलाखाली पंचगंगा शांत, चार दिवसांत शहरात टिपूस नाही. ज्यानं तीस वर्षं पोरांना फळ्यावर पाणलोट क्षेत्र काढून दाखवलं, पाऊस पडतो एकीकडं आणि पूर येतो दुसरीकडं हे घोकून घेतलं, त्या माणसाला घाटमाथ्यावर किती पाऊस कोसळत असेल याचा विचार सुचला नाही. दाजींनी पाणी चढतंय म्हणून सांगितलं होतं, ते मी ह्या कानांनी ऐकलं होतं. पण ते मी स्मशानासंबंधी ऐकलं, रस्त्यासंबंधी ऐकलंच नाही. दुःखात माणसाची अक्कल जाते म्हणावं, तर तशी सोयही मला नाही. लुगड्याचा काठ निवडण्याइतकी ती शाबूत होती.

रस्ता त्या दिवशी नको तितका सुंदर होता. डोंगरउतारावर नाचणीची रोपं लवलवत होती, बांधाबांधावर तेरडा फुलला होता, आणि ओल्या मातीतून वर येणाऱ्या वाफेत ऊन असं काही थरथरत होतं की मला त्याचा रागच आला. एवढं उजळून निघायला काय झालंय, असं ओरडावंसं वाटलं. दर दोन मिनिटांनी मी घड्याळ पाहत होतो. नऊ. सव्वानऊ. पोचतोय, सहज पोचतोय, असं मोठ्यानं म्हणत होतो. शेवटच्या वळणावर उसाची भिंत संपली आणि समोर नदी आली.

बंधारा नव्हता. म्हणजे होता, पण चहाच्या रंगाचं पाणी त्याच्यावरून असं पसरून वाहत होतं, की खाली कधी रस्ता होता याची खूण म्हणून फक्त एक फुगीर, गुळगुळीत रेघ या काठापासून त्या काठापर्यंत दिसत होती. काठावर वैरणीचा भारा टेकवून एक माणूस उभा होता. त्यानं माझ्या गाडीकडं, सुनंदाच्या मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं आणि न विचारताच ओळखलं. “पावणं, रातीच गेला पाण्याखाली. धरणातनं सोडलंय. मागं वळा, हायवेनं जावा की.” साडेनऊ वाजले होते. तिथून वळून महामार्ग गाठला असता, तर अकराच्या आत पलीकडं पोचलो असतो. हे मी नंतर पुन्हा पुन्हा मोजलंय, नकाशावर, मनात, अंथरुणावर पडल्या पडल्या. पोचलो असतो.

मी त्या माणसाला विचारलं, वरच्या अंगाला दुसरा बंधारा आहे, तो उंच आहे ना? तो म्हणाला, “उंच हाय, पर आज नगं. वेळ घालवू नगासा.” सुनंदा गाडीत रडायला लागली. आणि मी, साठी उलटलेला, दोन पोरींची लग्नं केलेला शहाणासुरता माणूस, गाडी वरच्या अंगाला घातली. तेव्हा मनात काय होतं, ते आज मला स्वतःलाही धड सांगता येत नाही. शपथ होती. जिद्द होती. आणि एक वेडी समजूत, की अक्काकडं मी ह्याच बाजूनं गेलो पाहिजे, पाण्यावरून, कारण ती ह्याच बाजूला बघत उभी राहायची. कुठलंही कारण घ्या, गाडी चालवणारा मीच होतो.

ती वाट म्हणजे उसातली चाकोरी. दोनदा चिखलात रुतलो, एकदा समोरून ट्रॅक्टर आला तेव्हा पाव मैल मागं घ्यावं लागलं. दुसऱ्या बंधाऱ्याचे फक्त दोन्ही टोकांचे खांब पाण्याबाहेर होते. मी गाडीतून उतरलो आणि चपलेसकट पाण्यात चार पावलं गेलो. कशासाठी, देव जाणे. पाणी घोट्याला ओढत होतं, थंडगार, त्याला कुजक्या पानांचा वास होता. तेवढ्यात फोन वाजला. “मास्तर, पाणी शेडाच्या पायरीला लागलं. उचलतोय आम्ही.” मी ओरडलो, “दाजी, थांबा! लुगडं माझ्याकडं हाय! माझ्याकडं हाय ओ लुगडं!” पलीकडं बायकांचा आकांत ऐकू येत होता, कुणीतरी मडकं आणा म्हणत होतं. दाजी हळू म्हणाले, “बघतो मी,” आणि आवाज तुटला. सुनंदानं मला दंडाला धरून पाण्यातून ओढलं. ती आयुष्यात माझ्याशी कधी अशा आवाजात बोलली नव्हती. “बास झाला तुमचा बेलभंडारा. बसा गाडीत.”

मग आलो महामार्गावर. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. नाक्यावर माझ्या काचेवर चिठ्ठी नव्हती म्हणून मला कडेच्या रांगेत जायला सांगितलं. खिडकीतल्या मुलीनं दुप्पट पडतील म्हटलं, मी हाताला आली ती नोट पुढं केली, तिनं तिकडं दुसऱ्या कुणाशी तरी डब्यातल्या भाजीविषयी बोलत बोलत उरलेले पैसे माझ्या हातात ठेवले, आणि आडवा दांडा वर गेला. एवढंच. मागच्या गाडीनं हॉर्न दिला. जी गोष्ट मी इतकी वर्षं छातीवर बिल्ल्यासारखी मिरवली, ती मोडली तेव्हा बघायला कुणी नव्हतं, आणि ती मुलगीसुद्धा माझ्याकडं बघत नव्हती. पुलावरून खाली वारणा दिसली, काठ सोडून शेतांत शिरलेली. लांबवर एक धुराची काडी सरळ वर चढत होती. मी सुनंदाला दाखवली नाही. तिनं पाहिली होती.

घरी पोचलो तेव्हा माणसं अंघोळी करून, कडुलिंबाचा पाला चावून परत येत होती. सोप्यात, अक्काला जिथं निजवलं होतं तिथं, पीठ पसरून दिवा लावला होता. मी पिशवी शर्टाच्या आत लपवावी तशी पोटाशी धरून दारातच उभा राहिलो. वाटलं, आता कुणीतरी बोलेल. बोलावं. भाऊ आला व्हय रं, कशाला आलास, असं कुणीतरी तोंडावर म्हणावं, माझी चामडी सोलावी. शेजारची तानूमावशी जवळ आली, अक्काची जिवाभावाची, मोठ्या आवाजाची बाई. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “पाण्यानं अडीवलं व्हय रं तुला? असू दे लेकरा. लुगडं तेवढं तुझंच नेसवलं बघ. पंचमीला धाडलंतंस ते. घडीबी मोडली न्हवती तिनं.”

मी काही धाडलं नव्हतं. ह्या पंचमीला नाही, गेल्या पंचमीला नाही. मी सुनंदाकडं पाहिलं. तिनं मान हलवली, तिनंही नाही. तानूमावशी बोलतच होती, की बंधारा बुडतोय, भाऊ येऊ शकत न्हाय, पर दर पंचमीला लुगडं चुकलं न्हाय हो, असा भाऊ मिळाय नशीब लागतं. आजूबाजूच्या बायका पदर डोळ्याला लावून माना डोलवत होत्या. दाजींनी मला हातानं खूण केली आणि मागं गोठ्यात नेलं. म्हैस सकाळपासून कुणाला कासेला हात लावू देत नव्हती, खुंट्याभोवती फिरत हंबरत होती. दाजी तिच्याकडं बघत बोलले, माझ्याकडं नाही.

“ती सोताच आणायची, बाजारातनं. पंचमीच्या आधी चार दीस. आन गल्लीत दावायची, बाळूनं धाडलं म्हणून. म्हायेराला कुणी नाव ठिवू नये, म्हणायची. तुम्ही हायवे सोडल्यापासनं.” मग म्हणाले, “राग न्हवता तिला मास्तर. उलट कवतिकच हुतं. माझा भाऊ दिलेला शबुद मोडत न्हाय, म्हणायची. तुम्ही आता हितं कुणाला काय बोलू नगा. ऱ्हाऊ दे तसंच.”

मला ओरडायचं होतं. सोप्यात जाऊन, त्या दिव्यासमोर उभं राहून साऱ्या गावाला सांगायचं होतं, की खोटं आहे, मी काही दिलं नाही, तिनं स्वतःचं माहेर स्वतः विकत आणलं आणि माझ्या नावावर नेसली. पण ते सांगणं म्हणजे तिनं झाकलेलं उघडं करणं. मी गोठ्यातल्या ओल्या जमिनीवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. तेवढ्यात भाची चहा घेऊन आली, मोठी, लेकुरवाळी मुलगी, डोळे सुजलेले. पोटाशी धरलेल्या पिशवीकडं पाहून तिनं विचारलं, “मामा, काय हाय त्यात?” मी म्हणालो, “काय न्हाय गं. माझी औषधं हाईत.”

ते लुगडं अजून गाडीच्या डिकीत आहे. सुनंदानं एकदा विचारलं, घरात ठेवू का. मी नको म्हणालो, आणि पुढं दोघांनीही तो विषय काढला नाही. गाडीच्या काचेवर आता चिठ्ठी आहे. माझ्या एका मुलीनं चिकटवून दिली, मी नको म्हटलं नाही. रक्षाविसर्जनाला, दिवसकार्याला महामार्गानंच गेलो आलो, आणि दर वेळी तो दांडा वर जाताना माझी मान खाली गेली.

दसरा उलटल्यावर एका सकाळी, कुणाला न सांगता, मी आतल्या रस्त्यानं निघालो. उसाला तुरे यायला लागले होते, कोडोलीच्या पुढं कुठल्याशा गुऱ्हाळाची चुलवणं शेणानं लिंपून वाळत होती, आणि हवेत थंडीची पहिली पातळ धार होती. नदी पार खाली गेली होती. बंधारा सबंध उघडा पडला होता, कोरडा, चिखलाचे वाळके पापुद्रे पांघरून, आणि चार-पाच माणसं खाचांतला गाळ काढून बरगे बसवायची तयारी करत होती. त्यांतल्या एकानं हात कमरेला पुसत मला वाट करून दिली. “जावा की पावणं, रस्ता मोकळा झालाय. आठ दीस झालं उघडा पडून.”

आठ दिवस झाले होते, आणि मला कुणी फोन केला नव्हता. मी गाडी बंद केली, काच खाली घेतली, आणि पलीकडच्या रिकाम्या काठाकडं बघत बसलो. मागं डिकीतून खळीचा तो वास येत होता, की मला तसं वाटत होतं, कोण जाणे. थोड्या वेळानं त्या माणसानं विचारलं, “जायाचं न्हवं पलीकडं?”

“जायाचं हाय,” मी म्हणालो, आणि तिथंच बसून राहिलो.